आजीचं नाव नातीला

परवा आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी नातीचं बारसं होतं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, आत्याबाई पाळण्याजवळ जाऊन बसल्या, तरी नावाचं काही ठरेना. सुनेच्या मनात गोदावरी होतं, तिच्या पणजीचं नाव. सासूबाई म्हणाल्या, "अगं, शाळेत पोरी हसतील. गोदी म्हणून चिडवतील तिला." दोघींचंही म्हणणं आम्हाला पटत होतं. म्हणूनच आज ठरवलं, ही जुनी नावं आली कुठून आणि गेली कुठे, ते तुमच्याबरोबर बसून बघू या.

आपल्या आज्या-पणज्यांची नावं आठवा. गोदावरी, कृष्णा, भीमा, यमुना, चंद्रभागा, या झाल्या नद्या. शेताला आणि घड्याला पाणी देणारी नदी म्हणजे आईच, म्हणून लेकीला तिचं नाव. दुसरी नावं संतांच्या घरची. मुक्ता, जना, सोयरा, बहिणा. जनाबाई दळणकांडण करणारी दासी, सोयराबाई चोखोबांची बायको. दोघींनीही अभंग रचले, आणि वारीच्या वाटेने त्यांची नावं गावोगाव पोचली. पुढे १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचं वय तेव्हा अवघं चौदा. मुक्ता नाव ठेवताना या दोघी आठवाव्यात, एक अभंग रचणारी आणि एक निबंध लिहिणारी.

नाव एकच असलं तरी हाक मात्र एक नसायची. वाड्यातली ती काशीबाई, रानात खुरपणारी ती काशी, नाहीतर काशे. 'बाई' लागणार की नाही, हे जात आणि जमीन बघून ठरायचं. घराच्या आतही नियम होते. सुनेनं सासू-सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. मग नातवाला आजोबांचं नाव ठेवलं, तर आईने पोटच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं. बाळू, बाबू, ताई, माई ही नावं कितीतरी घरांत अशीच आली.

आता ही नावं गेली कुठे? काही काळाबरोबर मागे पडली, ते चालायचंच. पण काही लग्नाच्या मांडवातच पुसली गेली. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही पद्धत तुम्ही पाहिली असेल. १८६२ साली सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावात यमुना कुर्लेकर जन्मली. लग्नानंतर ती रमाबाई रानडे झाली, आणि पुण्याच्या सेवासदनाचं काम तिने उभं केलं. १८६५ साली आणखी एक यमुना जन्मली. ती लग्नानंतर आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. देवरूखची गोदूबाई जोशी लहानपणी विधवा झाली, पुढे शारदासदनात शिकली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, तेव्हा तिचंही नाव आनंदी ठेवलं गेलं. या तिघींनी मोठी कामं केली, ती नव्या नावाने. माहेरच्या दोन यमुना आणि एक गोदू कितीजणींना ठाऊक आहेत?

हे वाचून झाल्यावर आम्ही आमच्याच बैठकीत विचारलं, लग्नात नाव कुणाकुणाचं बदललं? निम्म्याहून जास्त हात वर झाले. बारशाच्या घरच्या सासूबाईही तिथे होत्या. त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "आई गेली, त्यानंतर या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही." त्यांच्या सुनेलाही ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण बायांनो, जुनं ते सगळं सोनं नसतं. पूर्वी मुलं जगत नसत. मग पुढचं मूल तरी जगावं, मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये, म्हणून त्याचं नाव दगडू, धोंडू, भिकू, केरू ठेवायचे. नाव दगडाचं, पण त्यामागे माया होती. मुलींच्या वाट्याला मात्र नकोशी, नकुसा आलं. मुलीवर मुलगी झाली, आता मुलगा व्हावा, म्हणून. दगडू ठेवला तो हवा म्हणून, नकुसा ठेवली ती नको म्हणून. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं सरकारी समारंभात पुन्हा नामकरण झालं. आपापली नवी नावं घेऊन त्या लेकी घरी गेल्या. अशा ठिकाणी नाव बदलणं हाच न्याय होता.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. नाव जुनं आहे म्हणून टाकू नका, आणि जुनं आहे म्हणून डोळे झाकून घेऊही नका. ते कुणाचं होतं, का ठेवलं होतं, हे घरातल्या म्हातारीला विचारा. मुलगी मोठी होऊन विचारेल, "माझंच नाव असं का?" तेव्हा तिला सांगायला गोष्ट हवी. ती गोष्ट पाठीशी असली, की चिडवणाऱ्यांना उत्तर तीच देईल.

दोन कामाच्या गोष्टी. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नावासाठी थांबू नका. नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्नात बाईने नाव बदललंच पाहिजे, असा कुठलाही कायदा नाही.

बारशाचं काय झालं म्हणता? आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, गोदावरी. सासूबाईंनीच मोठ्याने घरभर पुकारलं. आज घरी गेलात, की आपल्या आईचं आणि सासूचं माहेरचं नाव वहीत लिहून ठेवा. ठाऊक नसेल, तर त्या आहेत तोवर विचारून घ्या.