सासूकडून सुनेला मिळालेली खासगी

'खासगी' हा शब्द आपण रोज वापरतो. खासगी गाडी, खासगी दवाखाना, खासगी गोष्ट. होळकरांच्या दरबारात मात्र या शब्दाला एक पक्का अर्थ होता. खासगी म्हणजे घरच्या बाईच्या नावचं उत्पन्न. अहिल्याबाईंचे घाट, विहिरी, देवळं आपल्याला ठाऊक असतात. त्यासाठी पैसा कुठून आला, हे आपण फारसं विचारत नाही. आज तेच पाहू या.

१७३४ साली थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना सनद दिली. माळव्यातलं महेश्वर, आपल्याकडचं चांदवड, अंबड अशा ठिकाणांचा वसूल त्यांच्या नावे लागला. फौज आणि राज्यकारभार यांचा खर्च दौलतीतून चाले. खासगीचा हिशेब वेगळा राही. १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि ही खासगी त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले होते. १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. कारभार अंगावर आला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, त्यांनी तो सांभाळला. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे माळव्यात माहिती गोळा करून त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला. पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार. रात्री नऊला पुन्हा काम सुरू, ते अकरापर्यंत. आजच्या भाषेत ही पूर्णवेळची नोकरीच, आणि तीही रजा नसलेली.

तरी राज्य चालवणं एवढंच त्यांच्या मनात नव्हतं. वाटसरूला पाणी मिळावं, यात्रेकरूला निवारा मिळावा, उद्ध्वस्त तीर्थं पुन्हा उभी राहावीत, ही त्यांची स्वतःची इच्छा होती. काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० च्या सुमारास उभं राहिलं, गयेचं विष्णुपद १७८७ मध्ये. यातली बरीच ठिकाणं होळकरांच्या हद्दीबाहेरची. तिथल्या धर्मकार्याला दौलतीचा पैसा लावला असता, तर कारभाऱ्यांनी हिशेब मागितला असता. खासगीचं मात्र त्या स्वतःच ठरवत.

इथे एक बारकी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मंदिर एकदा बांधता येतं, पण अन्नछत्र रोज चालवावं लागतं. पुजाऱ्याची नेमणूक, धर्मशाळेची डागडुजी, पाणपोईवरचा माणूस, यांना दरसाल पैसा लागतो. एकदाच हाती आलेल्या मोठ्या रकमेने हे भागत नाही. त्याला बांधलेलं उत्पन्न लागतं. खासगीने ते दिलं.

ते राखणं सोपं नव्हतं. तुकोजीराव होळकर फौज घेऊन मोहिमांवर असत. तिथे पैसा कमी पडे आणि मागणी महेश्वरला येई. यावरून दोघांत कुरबुरी होत. घरात पैशाची नड निघाली की आधी बाईच्या डब्याकडे हात जातो, हे आपल्यालाही नवीन नाही. अहिल्याबाईंनी हिशेब काटेकोर ठेवले, म्हणून डबा शाबूत राहिला.

अर्थात, सनद मिळणाऱ्या बायका किती? बोटावर मोजण्याइतक्या. आणि तो वसूलही शेवटी शेतकऱ्याच्या घामातूनच येई. सामान्य घरात बाईची खासगी म्हणजे अंगावरचे चार दागिने. नवऱ्यामागे वारशाने मिळालेली जमीनही बहुतेकदा तिच्या हयातीपुरतीच. सहसा ती विकता येत नसे की आपल्या इच्छेने कुणाला देता येत नसे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला अशा मालमत्तेची पूर्ण मालक केलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला.

म्हणजे सनद आता कायद्याने आपल्यालाही दिली आहे. पण खासगीला तीन गोष्टी लागतात: आपलं नाव, वेगळा हिशेब आणि खर्चाचा निर्णय आपला. आपल्यातल्या कितीजणींकडे या तिन्ही आहेत? बचत गटाचं कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपण फेडायचा आणि पैसा भलत्याच कामाला, असं असेल तर ती खासगी नव्हे.

रोजचं काम कुणालाच सुटत नाही. पण कुणाला अर्धवट राहिलेली दहावी पूर्ण करायची असते, कुणाला भजनी मंडळ चालवायचं असतं, कुणाला गावात वाचनालय हवं असतं. त्यासाठी रकमेपेक्षा ती दरमहा ठरलेली असणं जास्त मोलाचं.

होळकरांचं राज्य १९४८ मध्ये विलीन झालं. त्या धर्मादायासाठी १९६२ मध्ये जो न्यास झाला, त्याच्या नावात आजही 'खासगी' हा शब्द आहे. एका सासूच्या नावची सनद इतकी टिकली. तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करू या. घरातले सातबारे आणि पासबुकं काढू या, आणि त्यांवर नाव कुणाचं आहे ते वाचू या.