वुनापोपेचे युद्धावशेष

पापुआ न्यू गिनीतील न्यू ब्रिटन बेटावर, कोकोपो या नगराला लागून समुद्रकाठी वुनापोपे हे कॅथलिक मिशनचे ठाणे आहे. स्थानिक तोलाई लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘पोपचे स्थान’ असा होतो. पवित्र हृदयाच्या धर्मसंघाचे मिशनरी १८८२ साली या बेटावर उतरले. पुढे बिशप लुई कुप्पे यांच्या काळात येथे चर्च, शाळा, रुग्णालय आणि मळे उभे राहिले. १९१२ साली त्यांनीच स्थानिक कन्यांसाठी ‘डॉटर्स ऑफ मेरी इमॅक्युलेट’ हा धर्मसंघ स्थापन केला. मिशनच्या इतिहासातील त्या वेळी किरकोळ वाटावी अशी ही घटना तीस वर्षांनंतर अनेकांच्या प्राणरक्षणाला कारण ठरली.

२३ जानेवारी १९४२ रोजी जपानी सैन्य रबाउल येथे उतरले. जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी मागे राहिलेल्या सहा ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका वुनापोपे येथेच जपान्यांच्या हाती सापडल्या. जुलैमध्ये त्यांची रवानगी जपानला झाली. बिशप लिओ शार्माख आणि त्यांचे सहकारी धर्मगुरू व धर्मभगिनी यांना मिशनच्याच आवारात स्थानबद्ध करण्यात आले.

रबाउल हा जपानचा दक्षिण पॅसिफिकमधील सर्वांत मोठा तळ झाला. त्यावर थेट चढाई करण्याऐवजी त्याला वळसा घालून पुढे जाण्याचे दोस्त राष्ट्रांनी १९४३ साली ठरविले. त्यामुळे सुमारे एक लाख जपानी माणसे या बेटावर कोंडली गेली. रसद तुटली आणि हवाई हल्ले मात्र चालू राहिले. सैन्याने मग जमिनीचा आश्रय घेतला. ज्वालामुखीच्या राखेची येथील भूमी कुदळीने सहज खणता येते आणि खणलेली भिंत ढासळत नाही. परिणामी कोठारे, रुग्णालये, मुख्यालये सारे काही भुयारांत गेले. काराविया येथील एका भुयारात मालवाहू पडाव एकामागे एक लावलेले आहेत. ते आजही तेथे गंजत उभे आहेत. येथे निर्णायक लढाई झाली नाही, म्हणूनच हे अवशेष एवढ्या संख्येने उरले.

या कोंडीची झळ बंदिवानांनाही बसली. १९४४ च्या आरंभी दोस्तांच्याच बाँबवर्षावात वुनापोपे उद्ध्वस्त झाले आणि स्थानबद्धांना रामाले येथील अरुंद दरीत हलविण्यात आले. तेथे त्यांनी दरीच्या कडांत आसऱ्यासाठी बोगदे खणले. स्थानिक धर्मभगिनींना आपापल्या गावी परतता आले असते. पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी भाजीपाला पिकविला आणि तो पायी वाहून रामालेला पोहोचविला. सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिक दरीत उतरले तेव्हा जी माणसे जिवंत आढळली, त्यांच्या जगण्यात या श्रमांचा मोठा वाटा होता. राकुनाई गावात धर्मगुरूंच्या अनुपस्थितीत प्रार्थना, बाप्तिस्मे आणि विवाह चालू ठेवणारे धर्मशिक्षक पीटर तो रोट यांचा मात्र जुलै १९४५ मध्ये बंदिवासात वध झाला. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना संतपद देण्यात आले.

या बेटावर भारतीयही होते. सिंगापूरच्या शरणागतीनंतर पकडलेल्या हजारो भारतीय सैनिकांना बोटींनी येथे आणून हमालीला आणि खोदकामाला जुंपण्यात आले. उपासमार, रोगराई आणि मारहाण यांत अनेक जण दगावले. त्यांपैकी मंगळूरकडील जॉन बॅप्टिस्ट क्रास्टा हे वाचले. त्यांनी मायदेशी परतल्यावर लिहिलेल्या आठवणी छापून येण्यास मात्र अर्धे शतक जावे लागले. कोकोपोजवळच्या बिटा पाका येथील युद्धस्मशानभूमीत या भारतीयांपैकी अनेकांची स्मृती जपलेली आहे.

१९९४ च्या ज्वालामुखी उद्रेकात रबाउल राखेखाली गेले आणि प्रांताची राजधानी कोकोपोला आली. तेथील संग्रहालयात जपानी रणगाडे, तोफा आणि विमानांचे सांगाडे मांडलेले आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, लोखंड टिकते. धर्मभगिनींच्या डोक्यावरील टोपल्या टिकल्या नाहीत, आणि भारतीय मजुरांच्या हातांतील कुदळींवर त्यांची नावे नव्हती. अवशेषांवरून इतिहास वाचणाऱ्याने ही उणीव ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जेथे कोठाराची भिंत उभी आहे, तेथे ती कोणी खणली हे विचारले पाहिजे. आणि जेथे काहीच उरलेले नाही, त्या रामालेच्या वाटेवरून कोण चालत गेले याचीही नोंद इतिहासात झाली पाहिजे.