कराचीहून आलेले टपाल

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आमचा एक पुतण्या अहमदाबादेस नोकरीला असतो. त्याची बहीण पार्ल्याला. भाऊबीजेच्या आदल्या रात्री त्याने म्हणे चहा पिता पिता हातातल्या फोनवर विमानाचे तिकीट काढले आणि सकाळी तो निघाला. विमान पाऊण तास उशिरा सुटले. दारात पाऊल टाकताच स्वारीची पहिली तक्रार, ‘काका, पाऊण तास फुकट गेला!’ ताई निरांजन पेटवून वाट पाहत होती, तिच्याकडे लक्षच नाही.

मला मात्र त्याच्या तक्रारीपेक्षा त्याच्या वाटेची गंमत वाटली. कारण ज्या पार्ल्यात तो उभा होता, तेथून जुहूचे जुने विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, आणि तो ज्या वाटेने आला, त्या वाटेवरचे पहिले ठरलेले उड्डाण जुळवून आणायला काही माणसांची पुरी तीन वर्षे खर्ची पडली होती.

ती हकीकत अशी. 1929 सालच्या मार्चअखेरीस इंपीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीने लंडन ते कराची अशी आठवड्याची टपालसेवा सुरू केली. विलायतेचे पत्र बोटीने यायला पंधरा-वीस दिवस लागत, ते आता आठवड्याभरात हिंदुस्थानच्या उंबरठ्यावर येऊ लागले. पण उंबरठ्यावरच! कराचीहून मुंबईला यायचे तर आगगाडी. हैदराबाद सिंधपर्यंत रुंद रुळांची गाडी, पुढे मारवाडमार्गे अहमदाबादपर्यंत अरुंद रुळांची, आणि अहमदाबादेहून मुंबईपर्यंत पुन्हा रुंद रुळांची. दर ठिकाणी थैल्या उतरवायच्या, चढवायच्या. म्हणजे विमानाने जे कमावले, ते रुळांवर गमवायचे असा प्रकार.

हे ज्याच्या डोळ्यांत भरले तो नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा, ब्रिटिश हवाईदलातून बाहेर पडलेला वैमानिक. हा गृहस्थ एका सोबत्याबरोबर जुनी विमाने घेऊन हिंदुस्थानभर हिंडत होता आणि हौशी लोकांना पैसे घेऊन आकाशाची सैर घडवीत होता. जत्रेतल्या पाळण्यासारखाच तो धंदा! पण हिंडता हिंडता त्याने देशाची हवा, मैदाने आणि अंतरे नजरेखाली घातली. कराचीचे टपाल अहमदाबाद, मुंबई, बल्लारी असे टप्पे घेत मद्रासपर्यंत नेण्याची योजना घेऊन तो ज्या तरुणाकडे गेला, तो होता पंचवीस वर्षांचा जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. 1929 च्या फेब्रुवारीत याला वैमानिकाचा परवाना मिळाला होता, आणि हिंदुस्थानात दिलेल्या परवान्यांत त्यावरचा आकडा होता एक.

तरुण टाटांना विमानाचे वेड होते हे खरे, पण वेडाने धंदा उभा राहत नाही. पैसा होता दोराबजी टाटांच्या हाती, आणि दोराबजींना हा नाद फारसा पसंत नव्हता. टाटांच्या पेढीत जॉन पीटरसन नावाचे वडीलधारे अधिकारी होते. त्यांनी मध्यस्थी केली, तेव्हा कोठे 2 लाख रुपये मंजूर झाले. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या मानाने ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. तथापि ती निघायलासुद्धा वडिलांच्या मर्जीचा घाट चढावा लागला.

खरी अडचण पुढेच होती. सरकारपाशी दरसालची मदत मागितली, तर सरकारने नकार दिला. ते दिवस जागतिक मंदीचे, तिजोरीत खडखडाट. मागणी कमी करून पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. असे करता करता 1932 साल उजाडले. शेवटी टाटांनी सांगितले, आम्हांला हमी नको आणि मदतही नको. जेवढे टपाल वाहू, तेवढ्याच्या वजनावर पैसे द्या. यात सरकारचे काहीच जात नव्हते, तेव्हा सरकारने ते मान्य केले. 24 एप्रिल 1932 रोजी करार झाला. ज्या दोराबजींनी नाखुशीने का होईना पैसे दिले, ते मात्र त्याच वर्षी 3 जून रोजी जर्मनीत वारले. पहिले उड्डाण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या उड्डाणाची आखणी म्हणजे काय होती, ते पाहण्यासारखे आहे. विमाने दोन, दोन्ही पस मॉथ जातीची. एकच इंजिन, पंखे लाकडाचे आणि कापडाचे, वेग ताशी सुमारे 100 मैल. बिनतारी यंत्र नाही, वाट दाखवणारे दिवे नाहीत. खाली नदी, किनारा, आगगाडीचे रूळ जे दिसेल ते पाहायचे आणि मांडीवरच्या नकाशाशी ताडून पाहायचे. कराचीहून निघाल्यावर सिंधचा खाडीप्रदेश आणि कच्छचे रण. तेथे रूळ नाहीत की गाव नाही. एवढ्याशा विमानाने कराची-मुंबई एका दमात गाठणे शक्य नव्हते, म्हणून मध्ये अहमदाबाद. तेथे पेट्रोलची व्यवस्था कशी? तर चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीत घालून विमानापाशी आणायचे! जगातले सर्वांत नवे वाहन सर्वांत जुन्या वाहनाची वाट पाहत उभे आहे, हे चित्र मला तरी फार आवडते.

सप्टेंबरच्या मध्यावर निघायचे ठरले होते, पण पावसाने हटकले आणि मुहूर्त महिनाभर पुढे गेला. अखेर 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टाटांनी एकट्याने विमान उचलले. बरोबर टपाल होते 55 पौंड, म्हणजे जेमतेम 25 किलो. दिवाळीत आपल्या घरी रव्या-बेसनाचे सामान याहून जड येते! अहमदाबादेस थांबून, बैलगाडीतले पेट्रोल भरून, दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी ते जुहूच्या मैदानावर उतरले. तेथे दुसरे पस मॉथ घेऊन व्हिन्सेंट तयार होता. थैल्या त्याच्या विमानात गेल्या. तो बल्लारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासेस पोहोचला.

एकदा जाऊन दाखवणे निराळे आणि दर आठवड्याला जाणे निराळे. पावसाळ्यात जुहूचे मैदान म्हणजे नुसता चिखल. मग मंडळी बाडबिस्तरा आवरून पुण्यास जात आणि येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावरून विमाने सोडीत. याच तुरुंगात, पहिल्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, गांधीजींच्या उपोषणातून पुणे करार झाला होता. पावसात सह्याद्रीवरून कापडी विमान नेणे म्हणजे काय, हे ज्याने आषाढात खंडाळ्याचा घाट पाहिला आहे, त्याला सांगायला नको. तरीही पहिल्या वर्षी एकही फेरी चुकली नाही. वक्तशीरपणा शंभर टक्के! सरकारी हवाई खात्याच्या अहवालातही त्याचे कौतुक झाले. त्या वर्षी एकूण 1 लाख 60 हजार मैल उड्डाण झाले, 155 उतारू आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल वाहिले गेले, आणि नफा झाला 60 हजार रुपये. ज्या धंद्याला सरकार दमडी द्यायला तयार नव्हते, त्याचा हा हिशेब.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. 1946 साली या टपालसेवेची एअर इंडिया झाली, 1953 साली देशातील विमानधंदा सरकारने ताब्यात घेतला आणि 2022 च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांच्या घरी आली. व्हिन्सेंटचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. महायुद्धात, 1942 च्या जानेवारीत, हिंदुस्थानात विमाने बांधण्याच्या कामासाठी तो इंग्लंडला निघाला होता. त्याचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले.

टाटांनी तो मार्ग पुन्हा दोनदा उडून पाहिला, 1962 साली आणि 1982 साली. दोन्ही वेळा जुन्या बांधणीचे लेपर्ड मॉथ विमान, दोन्ही वेळा तारीख 15 ऑक्टोबर. दुसऱ्या वेळी त्यांचे वय 78 होते. मधल्या काळात फाळणी झाली होती आणि कराची परक्या देशात गेली होती, पण परवानगी मिळाली, आणि ते पुन्हा एकटेच विमान चालवीत अहमदाबादेवरून जुहूला उतरले.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. तो करंजी खात ऐकत होता. मग म्हणाला, ‘काका, मग त्या बैलगाडीवाल्याला किती वाजता बोलावत असतील?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.