बिल्रो लेस (सांता कातारीना)
ब्राझीलच्या दक्षिण भागातील सांता कातारीना बेटावर (फ्लोरियानोपोलिस) आणि समोरच्या किनाऱ्यावर, अझोरेस या पोर्तुगीज बेटांतून येऊन स्थायिक झालेल्या शेतकरी व कोळी कुटुंबांतील स्त्रियांची हातलेस. बिल्रो म्हणजे सूत गुंडाळलेली लाकडी फिरकी. लेस करणारी ती रेन्देइरा.

इतिहास : पोर्तुगालचा राजा पाचवा जॉन याच्या ९ ऑगस्ट १७४७ च्या फर्मानानंतर १७४८ ते १७५६ या काळात सुमारे ६,००० अझोरेसवासी येथे आले. दर जोडप्याला पाव लीग चौरस जमीन, एक बंदूक, दोन कुदळी, कुऱ्हाड, तासणी, हातोडा, सुऱ्या, दोन कात्र्या, दोन गिरमिटे, कानशीसह करवत, बियाणे, दोन गायी, एक घोडी आणि पहिल्या वर्षाचे पीठ देण्याचे त्यात कबूल केले होते. यादी एवढी बारीक, पण तीत सूत नाही की टाचणी नाही. लेसकाम सरकारी हिशेबाबाहेरच वाढले. ते थेट अझोरेसमधून आले की पेनिशे, व्हिला दो कोंदे अशा पोर्तुगालच्या किनारी गावांतून, याविषयी एकवाक्यता नाही.

गहू येथे नीट रुजला नाही. वसाहतकरी कसाव्याकडे (आपल्याकडील साबुदाण्याचा कंद) आणि मासेमारीकडे वळले. ‘जिथे जाळे, तिथे लेस’ ही म्हण या वस्तीत रूढ आहे.

तंत्र : सुके गवत किंवा केळीची वाळलेली पाने भरलेल्या लोडावर टोचून नक्षी उमटवलेला पुठ्ठा बसवतात. क्रोशात एकच धागा टाक्याटाक्याने पुढे जातो. येथे अनेक धागे वेणीसारखे एकाच वेळी चालतात. फिरक्या नेहमी जोडीने हाताळतात. मूळ हालचाली दोनच, धागा ओलांडणे आणि पीळ देणे; जाळी, दाट पट्टी, पाकळी हे सारे त्यांच्याच क्रमातून निघते. छिद्रात रोवलेली टाचणी वीण जागेवर धरते व काम पुढे सरकल्यावर काढून घेतात. त्यामुळे कौशल्य पुठ्ठा टोचण्यात अधिक, असे म्हणावे लागते. चुकीच्या पुठ्ठ्यावर निष्णात हातही सरळ कड काढू शकत नाही. स्थानिक प्रकारांत सात जोड्यांवर होणारी ‘त्रामोया’ सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण. ‘मारिया मोरेना’ हा दुसरा परिचित प्रकार.

गाणी : काम करताना ‘रातोएइरा’ नावाची पदे म्हणत.

सद्यःस्थिती : लागोआ दा कोन्सेइसांव येथील तळ्याकाठच्या रस्त्याला रेन्देइरांचे नाव आहे. विक्री प्रामुख्याने पर्यटकांना होते.