प्रावरणी कोथ, शस्त्रक्रियोत्तर

उदरावरील शस्त्रक्रियेनंतर अधस्त्वचा व स्नायूंवरील प्रावरणी जंतुसंसर्गाने झपाट्याने मृत होण्याचा विकार. आंत्रपुच्छ किंवा आतडे फुटले असल्यास आतड्यातील जंतू उदरभित्तीत शिरून तो उद्‌भवतो. मधुमेही रुग्णांत धोका अधिक असतो.

जोझेफ जोन्स यांनी अमेरिकन यादवी युद्धातील ‘रुग्णालयीन कोथा’चे वर्णन १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रँक मेलेनी यांनी पीकिंगमधील २० रुग्णांच्या अभ्यासावरून १९२४ मध्ये रक्तविलयी मालागोलाणूंकडे लक्ष वेधले. १९२६ मध्ये जॉर्ज ब्रूअर व मेलेनी यांनी फुटलेल्या आंत्रपुच्छावरील शस्त्रक्रियेनंतर पसरत गेलेला कोथ वर्णिला. दोन जातींचे जंतू एकत्र आल्यास अधिक विनाशक ठरतात, ही कल्पना त्यातून पुढे आली. ‘प्रावरणी कोथ’ या अर्थाची संज्ञा बेन विल्सन यांनी १९५२ मध्ये रूढ केली.

प्रतिजैव औषधे आली, तरी मूळ उपचार बदलला नाही. मृत ऊतकात रक्तपुरवठा नसल्याने औषध तेथे पोहोचत नाही. ते तातडीने कापून काढावेच लागते. प्रारंभी त्वचा जवळजवळ निरोगी दिसते, वेदना मात्र असह्य असते. म्हणून विलंब घातक ठरतो.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या डोंगरवाड्यांत या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. रुग्ण घरी परतल्यावर लक्षणे उद्‌भवल्यास पनवेल किंवा मुंबई गाठण्यात मोलाचे तास जातात. टाके घातलेल्या जागेची वाढती वेदना, ताप व काळसर डाग ही लक्षणे घरच्यांनी ओळखणे, हाच तेथे उपचाराचा आरंभ होय.