गव्हाणी, गाढव आणि हलती चित्रे

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग जाम येथे दुभंगतो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. या चौकात रात्र अशी होतच नाही. मालमोटारी, धाबे, चहाच्या टपऱ्या सदैव जाग्याच असतात. वर्धा जिल्ह्याच्या या भागात आपली ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली आहेत. त्यामुळे नाताळाच्या दिवसांत त्यांच्या घरी जाणे हा आम्हाला केवळ कर्तव्याचा भाग वाटत नाही, तो आनंदाचाही भाग असतो.

अशाच एका भेटीत आम्ही एका कुटुंबासमवेत नाताळाचा चित्रपट पाहिला. घरचे कर्ते मालमोटार चालवितात. पंधरवड्यानंतर ते घरी आले होते. मुलांनी दूरचित्रवाणीवर ‘द स्टार’ हा २०१७ सालचा रेखाचित्रपट लावला. प्रभुजन्माची कथा त्यात एका लहानशा गाढवाच्या दृष्टीने सांगितली आहे. संवाद इंग्रजी असल्याने थोरली नात आजीच्या कानाशी लागून मराठीत सांगत होती. आजी मधूनच हात जोडीत होत्या, तर धाकटा गाढवाच्या करामतींवर खदखदून हसत होता. चित्रपट संपताच त्याने आम्हाला विचारले, “फादर, हे गाढव बायबलात कुठं आहे जी?”

आम्ही क्षणभर अडखळलो. खरे उत्तर असे की, ते तेथे नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, बाळंत्यात गुंडाळलेले बालक आहे, मेंढपाळ आहेत. परंतु गाढवाचा किंवा बैलाचा उल्लेख नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभी बैल आपल्या धन्याला व गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते, असे वचन आहे. ते वचन मनात धरून प्राचीन ख्रिस्तसभेने ही दोन मुकी जनावरे बाळ येशूजवळ आणून उभी केली. पुढे १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेचो गावी खरोखरीचे गवत, खरा बैल व खरे गाढव आणून नाताळाची रात्र साजरी केली. आज आपल्या घरोघरी मांडला जाणारा गोठा त्या परंपरेतला आहे. म्हणजे चित्रपटातील गाढव हे काही चित्रकाराच्या लहरीतून आलेले नाही. त्याच्यामागे शतकानुशतकांचे भक्तिपूर्वक चिंतन उभे आहे. मात्र शुभवर्तमानाचा शब्द कोणता आणि भक्तीने त्यावर चढविलेला साज कोणता, हे मुलांना सांगणे आपले काम आहे.

प्रभुचरित्र पडद्यावर पाहण्याचा हा विषय मनात घोळत असता आम्हाला आपल्याच महाराष्ट्रातील एका कुटुंबाची आठवण झाली. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते; तरीही ख्रिस्तचरित्राच्या एका चित्रपटाने त्याचे आयुष्य पालटले आणि त्याबरोबर भारतीय चित्रपटाचा इतिहासही घडला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचे ते कुटुंब.

फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांना अवगत होत्या. भागीदारांशी मतभेद होऊन त्यांनी मुद्रणाचा भरभराटीचा व्यवसाय सोडला आणि चाळिशीत ते रिकाम्या हाताने उभे राहिले. अशा निराशेच्या काळात गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला. मग पत्नी सरस्वतीबाई यांनाही त्यांनी तो दाखविला.

हा प्रसंग १९१० च्या नाताळातला, असे स्वतः फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखमालेत नमूद केले. पुढील काही अभ्यासक मात्र तो १९११ च्या एप्रिलमधील, म्हणजे ईस्टरच्या दिवसांतला मानतात. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. वाद अभ्यासकांनी सोडवावा. आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे की, गव्हाणी असो वा रिकामी कबर, प्रभूच्या सणाच्या निमित्तानेच ती चित्रे गिरगावात लागली होती. तो मूकपट बहुधा ॲलिस गी या फ्रेंच महिलेने १९०६ साली दिग्दर्शित केलेला असावा, असे अनेकजण मानतात. पंचवीस दृश्यांतून तिने गव्हाणीपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा उभी केली होती.

पडद्यावर प्रभू येशूचे जीवन सरकत असता फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले. आपल्या भूमीची माणसे आपण पडद्यावर केव्हा पाहणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ‘आमच्या प्रभूच्या चित्रपटातून भारतीय चित्रपट जन्मला’ असे अभिमानाने सांगण्याचा मोह आपल्या लोकांना होतो. परंतु वाचकहो, या घटनेवर आपण मालकी सांगू नये. एका श्रद्धेची चित्रे पाहून दुसऱ्या श्रद्धेच्या माणसाला आपल्या अंतरीचे दैवत आठवले, यात कृतज्ञतेला जागा आहे, बढाईला नाही.

पुढचा मार्ग काट्यांचा होता. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याने व प्रयोगांनी त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला की, काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला, फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला प्रयाण केले आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था करून ते परतले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि वाढत्या रोपाची थोडी थोडी चित्रे दिवसामागून दिवस घेतली. ती सलग दाखविताच महिन्याभराची वाढ क्षणांत डोळ्यांपुढे उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चिमुकला चित्रपट पाहूनच भांडवल देणारा मिळाला.

येथे आजच्या रेखाचित्रपटाशी नाते जुळते. स्थिर चित्रे एकामागून एक दाखवून निर्जीवाला हालचाल द्यावयाची, हेच त्या कलेचे मर्म आहे. १९१५ च्या सुमारास फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट केला. त्यात आगकाड्या किंचित हलवून प्रत्येक वेळी चित्र घेतलेले होते, आणि पडद्यावर त्या काड्या जणू स्वतःच्याच इच्छेने नाचत होत्या. आज तो चित्रपट उपलब्ध नाही. तरी आपल्या मुलांना हसविणाऱ्या त्या गाढवाचा एक मराठी पूर्वज आगपेटीत जन्मला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या साऱ्या उद्योगात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, आणि त्याबरोबरच चित्रपटाच्या सर्व मंडळींचा स्वयंपाक करणे, हे सारे त्यांनी केले. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाची भूमिका थोरला मुलगा भालचंद्र याने केली. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. म्हणजे ज्या कुटुंबाने एकत्र बसून प्रभुचरित्र पाहिले, तेच कुटुंब पुढे एकत्र राबले.

जामच्या त्या घरी आम्ही धाकट्याला गाढवाचे खरे उत्तर दिले. तो किंचित हिरमुसला. तेव्हा आजी म्हणाल्या, “अरे, लिहिलं नसेल, पण लेकरू पोटात घेऊन एवढ्या लांब मरिया चालत गेली असेल का?” आम्ही हसलो. संत फ्रान्सिस यांनाही हे उत्तर आवडले असते. मग नातीने संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मराठीतून मोठ्याने वाचला, आणि या वेळी आजींना कोणी समजावून सांगावे लागले नाही. वाचन संपल्यावर वडील हळूच म्हणाले, “फादर, जागा मिळाली नाही म्हणून रस्त्यावर रात्र काढणं आम्हाला ठाऊक आहे.”

धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एवढीच विनंती आहे. नाताळात मुलांसमवेत चित्रपट जरूर पाहावा. चित्रांना भिण्याचे कारण नाही. परंतु तो संपल्यावर दूरचित्रवाणी बंद करावी, आपल्या भाषेतील शुभवर्तमान उघडावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना बोलू द्यावे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते वडील पुन्हा मालमोटार घेऊन हैदराबादच्या वाटेला लागणार होते. त्या रात्री मात्र सारे घर एका जागी बसले होते.