‘गॉथिक कथा’ : शीर्षकपानावरील दोन शब्दांचा इतिहास

१/
स्वतःची कादंबरी ऑनलाइन प्रकाशित करणाऱ्या लेखकाला आज एक प्रश्न सोडवावाच लागतो : पुस्तक कोणत्या वर्गात घालायचे? भयकथा, ऐतिहासिक की अद्भुतरम्य? वर्ग चुकला, तर ज्याच्यासाठी ते लिहिले त्या वाचकाच्या नजरेस ते पडतच नाही. हा पेच इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो स्पष्ट दिसतो.

२/
२४ डिसेंबर १७६४ रोजी लंडनमध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ प्रसिद्ध झाली. प्रती ५००. शीर्षकपानावर केवळ ‘एक कथा’ असे वर्णन होते आणि हा जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद असल्याची बतावणी होती. खरा लेखक होता माजी पंतप्रधानांचा पुत्र, होरेस वॉलपोल.

३/
आवृत्ती काही महिन्यांतच संपली. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने लेखकत्व मान्य केले आणि उपशीर्षक बदलले : ‘एक गॉथिक कथा’. ‘गॉथिक’ म्हणजे तेव्हा मध्ययुगीन. अनेकांच्या लेखी रानटीसुद्धा. ‘मंथली रिव्ह्यू’ने प्राचीन कृती समजून जिचे कौतुक केले होते, तीच कथा आधुनिक लेखकाची आहे हे कळताच तिच्यावर टीका केली. मजकूर जवळजवळ तोच; ओळख बदलली आणि निकषही बदलले.

४/
वॉलपोल श्रीमंत होता. पुस्तक पडले असते तरी त्याचे काही बिघडणार नव्हते. इप्सविचच्या एका धर्मोपदेशकाची कन्या क्लारा रीव्ह हिची स्थिती वेगळी होती. १७७७ मध्ये कोलचेस्टर या लहान शहरात तिने ‘द चॅम्पियन ऑफ व्हर्च्यू’ स्वखर्चाने छापून घेतली. पुस्तकावर तिचे नाव नव्हते. परंतु उपशीर्षक होते ‘एक गॉथिक कथा’.

५/
वॉलपोलनंतर हे उपशीर्षक घेण्यात धोरण होते. अपरिचित लेखिकेचे पुस्तक परिचित कथेच्या शेजारी जाऊन बसले. ज्यांना ‘ओट्रँटो’ आवडली होती, त्यांना आपल्यासाठी काय आहे याची खूण मिळाली.

६/
१७७८ मध्ये लंडनच्या डिली या प्रकाशकाने सुधारित आवृत्ती काढली. कथेतील प्रमुख पात्राला साजेसे नवे नाव आले : ‘द ओल्ड इंग्लिश बॅरन’. मूळ नाव गेले, वर्गाचे नाव राहिले. आपली कथा ‘ओट्रँटो’ची वंशज आहे, हे रीव्हने प्रस्तावनेत उघडपणे मान्य केले, मात्र वॉलपोलच्या अतिरेकी चमत्कारांनी भीतीऐवजी हसू येते, असेही सुनावले. वर्ग तोच, पण त्यातील आपली जागा वेगळी.

७/
पुढे अनेक दशके या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्याचे श्रेय एका उपशीर्षकाला देणे भाबडेपणाचे ठरेल. सुधारलेला मजकूर आणि लंडनच्या प्रकाशकाची पोच यांचाही त्यात वाटा होता. तरीही त्या दोन शब्दांनी वाचकाला दार दाखवले, हे नाकारता येत नाही.

८/
वर्गीकरणाचे महत्त्व रीव्हला पुरते उमगले होते. १७८५ मध्ये ‘द प्रोग्रेस ऑफ रोमान्स’ या ग्रंथात तिने भेद मांडला : ‘नॉव्हेल’ वर्तमान जीवनाचे चित्र रेखाटते, तर ‘रोमान्स’ कल्पित, अद्भुत व्यक्तींचे.

९/
आता हिशेब. लंडनच्या प्रकाशकाला या कादंबरीचे सर्व हक्क तिने १० पौंडांना विकले होते. छपाईचा धोका तिने पत्करला, वर्गही तिनेच अचूक निवडला. पुढच्या आवृत्त्यांची कमाई मात्र इतरांच्या गल्ल्यात गेली. वर्ग वाचक मिळवून देतो; पैसा कोणाला मिळणार, हे करारनामा ठरवतो.

(समाप्त)